परदेशी राहायला गेल्यावर दरवर्षी पेन्शन अडकते: दोष कोठे आहे हे कसे शोधावे

तक्रार साधारणपणे चार प्रकारांची असते, आणि काहीही करण्यापूर्वी आपली तक्रार त्यांतील कोणती, हे ठरवावे. पहिल्या प्रकारात नोव्हेंबरपर्यंत सर्व सुरळीत असते आणि डिसेंबर किंवा जानेवारीत खात्यावर काहीच जमा होत नाही. दुसऱ्या प्रकारात मोबाइलवर हयातीचा डिजिटल दाखला (निवृत्त जिवंत असल्याचा दरवर्षी द्यावा लागणारा पुरावा) काढलेला असतो, प्रमाण आयडीचा, म्हणजे त्या दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेशही आलेला असतो, आणि तरीही पेन्शन थांबते. तिसऱ्या प्रकारात रक्कम जमा होत राहते, पण खात्यातून ती काढता किंवा पाठवता येत नाही. चौथ्या प्रकारात पेन्शन येते, पण नेहमीपेक्षा कमी येते आणि फरकाचा खुलासा कोणी करत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका बँकेच्या पेन्शन काउंटरवर बरीच वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर गेली काही वर्षे दापोली, गुहागर आणि मालवण बाजूच्या लोकांची हीच प्रकरणे पाहतो. कोणी मुलीकडे मेलबर्नला, कोणी मुलाकडे मस्कतला किंवा न्यू जर्सीला कायमचे राहायला गेलेले असतात, गावचे घर बंद असते आणि डिसेंबरात फोन येतो की 'सरकारने पेन्शन बंद केली'. माझ्या अनुभवात पेन्शन मुद्दाम बंद केलेली प्रकरणे फारच थोडी. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा मूळ आदेश), बँक, आधार आणि पॅन या चार ठिकाणी एकाच माणसाच्या चार नोंदी असतात आणि त्यांतील एक बाकीच्या तिघींशी जुळत नाही, एवढाच दोष बहुधा निघतो. म्हणून खालील तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. मुंबईचे विमानाचे तिकीट काढणे हे या क्रमात शेवटचे आहे, पहिले नव्हे.

आपली पेन्शन नेमके कोण देते?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला पैसा लागत नाही, तरीही निम्मी प्रकरणे येथेच सुटतात. पीपीओची प्रत समोर ठेवून मंजुरी देणारे कार्यालय कोणते आणि प्रत्यक्ष पैसे देणारे कार्यालय कोणते, हे दोन वेगळे कागदावर लिहून काढावे. राज्य शासनाच्या कोकणातील निवृत्तांचा पीपीओ मुंबईच्या महालेखापालांकडून निघतो आणि पैसे जिल्हा कोषागारातून येतात. बँक तेथे केवळ वाहक असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे तसे नाही, त्यांची पेन्शन जिल्हा परिषदेच्या वित्त विभागामार्फत मिळते, आणि तरीही 'आमचे कोषागार' असे म्हणत भलत्याच दारी अर्ज करणारे गुरुजी मी दरवर्षी पाहतो. केंद्र सरकारच्या नागरी निवृत्तांची पेन्शन बँकेचे मध्यवर्ती पेन्शन केंद्र पाहते. सैन्यदल आणि नौदलातील निवृत्तांची बहुतेक प्रकरणे आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत गेली आहेत. एसटीतून निवृत्त झालेल्यांना मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेची.

हा फरक महत्त्वाचा ठरतो तो मुदतीमुळे. राज्य आणि केंद्र यांच्या निवृत्तांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ चा दाखला मात्र वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. स्पर्शमध्ये वार्षिक ओळख कोणत्या महिन्यात देय आहे ते आपल्या स्पर्श खात्यावर लॉगिन करून पाहावे. आपल्याकडे परदेशातली माणसे गणपतीला किंवा मे महिन्यात आंब्यांना येतात आणि 'आलोच आहोत तर हयातीचेही काम उरकून टाकू' असे म्हणून भाद्रपदात बँकेत सही करून जातात. ईपीएसवाल्याचे त्यात साधते. कोषागारवाल्याचे साधत नाही, कारण बँकेत सहीसाठी ठेवली जाणारी हयातीची यादी नोव्हेंबरची असते आणि सप्टेंबरात दिलेला कागद तिच्यात धरला जाईलच अशी खात्री देता येत नाही.

प्रमाण आयडी मिळाला म्हणजे दाखला पोहोचला असे नव्हे

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सरकारी सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला निघू लागला. ठसे उमटवण्याचे यंत्र त्यामुळे लागत नाही, आणि परदेशातल्या निवृत्ताला याहून सोयीचे काही नाही. परंतु अॅपवर येणारा प्रमाण आयडी फक्त एवढेच सांगतो की आधारच्या नोंदीतील व्यक्ती कॅमेऱ्यासमोर हजर होती. दाखला ज्या कार्यालयाकडे पाठवला त्याने तो स्वीकारला की नाही, ही वेगळी पायरी आहे आणि ती काही दिवसांनी पूर्ण होते. जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर प्रमाण आयडी टाकून दाखला उतरवून घ्यावा आणि त्यावरील पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाचे नाव पासबुकाशी आणि पीपीओशी अक्षर अक्षर ताडून पाहावे.

मालवणकडील एक निवृत्त नौसैनिक मुलाकडे दुबईला राहतात. सलग दोन वर्षे त्यांनी वेळेत दाखला काढला आणि दोन्ही वर्षी पेन्शन अडकली. उतरवून घेतलेल्या दाखल्यावर पेन्शन देणारे कार्यालय म्हणून त्यांच्या जुन्या बँकेचे नाव होते, कारण पूर्वी खरोखरच ती बँक पेन्शन देत असे आणि अॅप भरताना सवयीने तेच निवडले गेले. पेन्शन केव्हाच स्पर्शमध्ये गेली होती. बँकेच्या हाती तो दाखला म्हणजे पत्ता चुकलेले पत्र होते. तिसऱ्या वर्षी यादीतून प्रयागराजच्या स्पर्श कार्यालयाची निवड केली आणि काम झाले. खर्च शून्य. त्याआधी त्यांनी विमान प्रवासावर केलेला खर्च मी मुद्दाम विचारला नाही.

येथे एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. निवृत्तीनंतर पुन्हा नोकरीत असलेल्यांना आणि पुनर्विवाह केलेल्यांना डिजिटल दाखल्याची सोय नाही. त्यांनी कागदी दाखलाच द्यावा. जिल्हा परिषदेच्या निवृत्तांनी आपले कार्यालय डिजिटल दाखला स्वीकारते का, हे ऑक्टोबरातच फोन करून विचारून घ्यावे.

चेहरा ओळखला जात नसेल तर

अॅप वारंवार नकार देत असेल, तर प्रथम उजेड पाहावा, कारण बहुतेक नकारांचे कारण याहून खोल नसते. खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसावे, चष्मा काढावा, मागे साधी भिंत असावी आणि सूचना येताच डोळ्यांची उघडझाप करावी. उत्तरेकडच्या थंड देशांत नोव्हेंबरात लवकर अंधारते, म्हणून हे काम सकाळी करावे. त्यानंतर आधारचे बायोमेट्रिक लॉक तपासावे. कोणीतरी सुरक्षेसाठी ते लावून दिलेले असते आणि नंतर सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. लॉक असेपर्यंत चेहराही चालत नाही आणि ठसाही चालत नाही. दाखल्यासाठी दोन अॅप लागतात, एक आधारचे चेहरा ओळखणारे आणि दुसरे जीवन प्रमाणचे, आणि पहिले नसले तर दुसरे नुसतेच उघडून बंद होते. अॅप चालवणाऱ्याचेही एकदा आधार प्रमाणीकरण होते. नातवाकडे आधार नसेल तर निवृत्ताने स्वतःच चालवणारा म्हणून नोंद करावी, त्यात अडचण नाही.

मोबाइल नंबराचा प्रश्न वेगळा आणि अधिक चिवट आहे. परदेशी गेल्यावर भारतीय सिमकार्ड दिवाणखान्यातल्या टेबलाच्या खणात पडते, रिचार्ज होत नाही, काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला तरी दिला जातो. बँक आणि आधार या दोन्हींकडून येणारा ओटीपी मग त्या अनोळखी माणसाकडे जातो. आधारला नवा नंबर जोडणे परदेशातून सहजासहजी होत नाही, म्हणून रोमिंग चालू ठेवून किमान रिचार्ज करत राहणे हे या साऱ्या लेखातील सर्वांत स्वस्त औषध आहे. नंबर गेलाच असेल, तर पुढच्या भारतभेटीत विमानतळावरून घरी पोहोचल्यावर पहिले काम ते करावे, देवदर्शन दुसऱ्या दिवशी.

नावांचा मेळ

वरील सर्व ठीक असूनही दाखला परत येत असेल, तर नावाकडे वळावे. आपल्याकडे सेवापुस्तकात आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पासपोर्टवर दोन वेगळ्या रकान्यांत आणि बँकेत केवळ आद्याक्षरे, असा प्रकार सर्रास आढळतो. शिक्षिकांच्या बाबतीत तर नेमणूक माहेरच्या नावाने, पीपीओ सासरच्या नावाने आणि जुन्या खात्यावर दोन्हींचे मिश्रण, असे मी एकाच फाइलीत पाहिले आहे. जन्मतारखेचेही तेच, शाळेत घालताना लावलेली १ जून आधारवर आली आणि पीपीओवर खरी तारीख राहिली, किंवा उलट झाले. कोणती नोंद बदलायची, याचा माझा नियम असा की पीपीओला हात लावू नये. त्यातील दुरुस्ती मूळ कार्यालय, महालेखापाल आणि कोषागार अशा प्रवासाला जाते आणि त्यात महिने निघून जातात. बँक आणि आधार यांच्या नोंदी पीपीओशी जुळवून घेणे सोपे पडते. पीपीओतच उघड चूक असेल तर मात्र ती दुरुस्त करून घेण्यावाचून इलाज नाही.

त्यासाठी पीपीओची प्रत हाती असावी लागते, आणि ती बहुतेकदा गावच्या बंद घरात, लोखंडी कपाटात असते. कोकणात चार पावसाळे बंद राहिलेल्या घरातला कागद कसा होतो, हे सांगण्याची गरज नाही. वाळवीने मधोमध खाल्लेला पीपीओ मी हातात धरलेला आहे. परदेशी जाण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून मुलांकडे ठेवावे. प्रत गेलीच असेल, तर दुसरी प्रत पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे असते आणि अर्ज करून दुय्यम प्रत मागता येते. बंद घराचा दुसरा तोटा असा की बँकेची आणि कोषागाराची पत्रे तेथेच येत राहतात. शेजाऱ्यांनी ती प्रेमाने ओटीवर ठेवलेली असतात. पत्रव्यवहाराचा पत्ता बदलण्यास काहीच खर्च येत नाही.

पैसे जमा होतात, पण हलत नाहीत

आता तिसरा प्रकार. येथे हयातीचा संबंध नसतो, दोष खात्याचा असतो. बँकेला ठरावीक मुदतीने ग्राहकाची केवायसी नव्याने घ्यावी लागते. जोखमीच्या वर्गाप्रमाणे ही मुदत २, ८ किंवा १० वर्षांची असते. ती चुकली की व्यवहारांवर बंधन येते, जमा होत राहते आणि काढणे थांबते. म्हणून प्रथम शाखेला ईमेल करून केवायसी बाकी आहे का एवढेच विचारावे.

त्याच ईमेलमध्ये दुसरा प्रश्न असावा तो खात्याच्या प्रकाराचा. परदेशी अनिश्चित काळासाठी राहायला गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होते आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातील रुपयांच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. हे बँकेला कळवण्याची जबाबदारी खातेदाराची आहे. सहा महिने मुलीकडे राहून परत येणाऱ्याला हे लागू नाही, पण घर आवरून, गाय विकून, चाव्या शेजारी देऊन गेलेल्याला लागू आहे. पुष्कळजण हे टाळतात, कारण खाते बदलल्यास पेन्शन बंद होईल अशी त्यांना भीती वाटते. पेन्शन एनआरओ खात्यावर येऊ शकते. भीती बाळगायचीच असेल तर ती एका गोष्टीची बाळगावी: खाते बदलताना खाते क्रमांक बदलला आणि तो पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला कळवला नाही, तर पैसे जुन्या क्रमांकावर जाऊन परत फिरतात. म्हणून क्रमांक तोच राहणार का, हे अर्ज देण्यापूर्वी लेखी विचारावे. एनआरओ खाते भारतात राहणाऱ्या नातेवाइकासोबत संयुक्त ठेवता येते, पण ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्यानेच करायचे. धाकट्या भावाने इकडे बसून सह्या करून पैसे काढावेत ही सोय त्यात नाही.

एनआरओ खात्यातील शिल्लक बाहेर पाठवण्यास वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, पण पेन्शन हे चालू उत्पन्न असल्यामुळे करवजा रक्कम त्या मर्यादेबाहेर पाठवता येते. शाखेतील नव्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. अशा वेळी वाद न घालता अनिवासी विभागाशी बोलावे.

रक्कम कमी का येते

बेसिक, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दलची) कपात, महागाई भत्ता आणि प्राप्तिकर अशा चार ओळी मासिक पावतीवर असतात. पावती मागवल्याखेरीज तक्रार करू नये, कारण निम्म्या वेळा ती कपात योग्य असते. अंशराशीकरणाची कपात १५ वर्षांनी संपते. ती नंतरही चालू असेल तर तो खरा दोष आहे आणि एका अर्जाने सुटतो. प्राप्तिकराची ओळ अचानक वाढली असेल, तर पॅन पाहावा. २०२३ च्या जुलैपासून आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना त्या जोडणीतून सूट आहे, पण आपण अनिवासी आहोत ही नोंद प्राप्तिकर संकेतस्थळावर केलेली असेल तरच ती सूट लागू पडते. हे काम घरबसल्या आणि विनाखर्च होते.

याशिवाय काही फरक दोष नसून नियमच असतात. अनिवासी ठरल्यावर कमी उत्पन्नाच्या निवासींना मिळणारी करसवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८७अ) मिळत नाही, आणि एनआरओ खात्यातील व्याजावर ३० टक्के व वर उपकर असा कर मुळातच कापला जातो. प्राप्तिकरातील निवासी किंवा अनिवासी हा निर्णय वर्षातील दिवस मोजून होतो, परकीय चलन कायद्यातील निर्णय जाण्याच्या हेतूवर होतो, आणि म्हणून एकच माणूस एका वर्षी एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी असू शकतो. येथपर्यंत वाचून डोके गरगरले असेल तर ते स्वाभाविक आहे.

कागदी दाखला आणि वकिलात

मोबाइलचा मार्ग पूर्ण बंद झाला, तर परदेशातून कागदी दाखला पाठवता येतो. केंद्राच्या नियमानुसार भारताबाहेर राहणाऱ्या निवृत्ताच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीने दंडाधिकारी, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कोणी सही केलेला दाखला सादर केला, तर स्वतः हजर राहण्यापासून सूट मिळते. माझा कल भारतीय वकिलातीकडे असतो, कारण तिच्या शिक्क्यावर आपल्याकडील कार्यालये शंका घेत नाहीत, आणि परदेशी नोटरीचा कागद मात्र कधीकधी परत येतो. वकिलातीची वेळ ऑक्टोबरातच घ्यावी, सोबत पासपोर्ट आणि पीपीओची प्रत न्यावी, आणि मूळ दाखला कुरिअरने थेट पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला पाठवून त्याची पोच घ्यावी. गावच्या पत्त्यावर पाठवू नये. एका गृहस्थांनी भावाला पाठवला, भाऊ मुंबईला गेला होता, आणि पाकीट शिमग्यापर्यंत पोस्टात होते.

थांबलेली रक्कम दाखला स्वीकारल्यावर थकबाकीसह मिळते, तेव्हा एखाद्या महिन्याच्या विलंबाने घाबरून दोन वेगवेगळे दाखले दोन ठिकाणी पाठवू नयेत. त्याने गोंधळ वाढतो.

आपण कोठे थांबावे

दाखला स्वीकारल्याची नोंद दिसत असूनही दोन महिन्यांत पैसे आले नाहीत, तर फोन बंद करून लेखी तक्रारीकडे वळावे. केंद्राच्या निवृत्तांसाठी सीपेनग्राम्स हे तक्रार निवारण पोर्टल आहे, राज्याच्या निवृत्तांनी जिल्हा कोषागार अधिकाऱ्यांना पत्र द्यावे.

दोन देशांत कर भरण्याचा प्रश्न आला की माझ्यासारख्याचे ऐकू नये आणि सनदी लेखापालाकडे जावे. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक प्राप्तिकर नाही, तेथे फारसे काही उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र रहिवाशाचे जगभरचे उत्पन्न विचारात घेतात, आणि भारतातील खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी तिची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. सरकारी पेन्शनबाबत प्रत्येक देशाशी झालेल्या कराराचे कलम वेगळे आहे. नागरिकत्व बदलण्याचा विचार असेल, तर शपथ घेण्यापूर्वी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे, नंतर नव्हे.

निवृत्ताची स्मृती गेली असेल, तर वकिलाशी बोलण्यास उशीर करू नये. मुलाच्या नावाचे कुलमुखत्यारपत्र हयातीच्या दाखल्याची जागा घेत नाही, आणि देणाऱ्याला समज उरली नाही की त्या पत्राचा आधारही डळमळतो. अशा आजींना कॅमेऱ्यासमोर बसवून डोळे मिचकवायला लावण्याचा खटाटोप मी एकदा केला आणि पुन्हा करणार नाही. पालकत्वाचा आदेश घेऊन पुढचे व्यवहार करावेत.

निवृत्ताचे परदेशी निधन झाले, तर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला आणि बँकेला त्याच आठवड्यात कळवावे. त्यानंतर जमा झालेली रक्कम काढू नये. ती परत मागितली जाते, आणि ती वसुली पूर्ण होईपर्यंत मागे राहिलेल्या जोडीदाराचे कुटुंब निवृत्तिवेतनही रेंगाळते. परदेशी मृत्यू दाखला स्थानिक भाषेत असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर सोबत लागते, आणि वकिलातीतील नोंदणी करून घेतली असेल तर पुढचे कागद बरेच हलके होतात.